गोव्यात राहून लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी कशी शिकावी

लांब पल्ल्याच्या नेमबाजीची ओढ लागलेला माणूस पहिला प्रश्न रायफलीविषयी विचारतो आणि दुसरा अंतराविषयी. तीनशे मीटर, सहाशे मीटर, हजार यार्ड हे आकडे त्याच्या मनात घर करून बसलेले असतात. गोव्यात राहणारा या दुसऱ्या प्रश्नापाशीच अडतो, कारण एवढ्या लांबीची रेंज सामान्य नागरिकाला नियमित सरावासाठी येथे सहजी मिळत नाही आणि बहुतेकांचा सराव दहा किंवा पन्नास मीटरांवर होतो. ही उणीव वाटते तेवढी मोठी नाही. लांबचा नेम जवळच्या अंतरावर शिकता येतो, किंबहुना त्याचा पाया तेथेच नीट बसतो, असे माझे ठाम मत आहे आणि पुढे सांगितलेली सारी पद्धत त्याच मतावर उभी आहे.

या मताला आकड्यांचा आधार आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 300 मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर असतो आणि 50 मीटरच्या लक्ष्यावर तो 10.4 मिलिमीटर असतो. तीनशे मीटरवरचे वर्तुळ त्याच कोनात पन्नास मीटरवर आणून ठेवले, तर त्याचा व्यास सुमारे 16.7 मिलिमीटर भरेल. म्हणजे पन्नास मीटरवर दहा गुण मिळवू पाहणाऱ्याकडून शरीराच्या स्थिरतेची जी अपेक्षा असते, ती तीनशे मीटरवरील अपेक्षेहून कडक आहे. दहा मीटर एअर रायफलीच्या लक्ष्यावर तर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, हे खरे असले तरी उभ्याने मारताना शरीराची बारीकशी हालचालही तेथे लपत नाही. घाटापलीकडच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन (पालथे पडून मारण्याच्या) प्रकारात 597 गुणांसह जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने मारण्याच्या) प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. ज्याला पुढे हजार यार्डांवर मारायचे आहे, त्याने या दोघांच्या अंतरावर काही वर्षे घालवली तर त्यातला एकही दिवस वाया जाणार नाही.

आधी कायदा

रायफल हातात घेण्यापूर्वी शस्त्र अधिनियम, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 यांची ओळख करून घ्यावी. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटर स्पर्धेची एअर रायफल छर्रा साधारण 170 मीटर प्रति सेकंद वेगाने सोडते आणि तिची ऊर्जा या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे ओळखपत्र दाखवून ती विकत घेता येते. .22 इंच बोअरची रायफल आणि त्यापुढील सर्व काही परवान्याच्या कक्षेत येते. परवान्याचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, पोलीस पडताळणी होते आणि शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात; नोंदणीकृत नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

व्यवहारात सोयीचा मार्ग असा, की राष्ट्रीय रायफल संघटनेशी संलग्न असलेल्या राज्य संघटनेच्या एखाद्या क्लबचे सदस्य व्हावे, क्लबच्या रायफलीवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे, स्पर्धांत भाग घ्यावा आणि नेमबाज म्हणून नोंद झाल्यावर स्वतःच्या परवान्याचा विचार करावा. क्लब निवडताना तेथे किती महागड्या रायफली आहेत हे पाहू नये. रेंजवर एक माणूस आज्ञा देतो की नाही, त्याच्या आज्ञेवर सारे जण एकाच वेळी शस्त्र खाली ठेवतात की नाही आणि प्रशिक्षक नवशिक्याच्या शेजारी बसून त्याचा दस्ता, त्याची कोपरे, त्याचा श्वास पाहतो की नाही, हे पाहावे. क्लबच्या व्यवस्थेविषयी जे जाणून घ्यायचे असते, ते एका सकाळच्या भेटीत कळते.

गोव्यातील वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या बंदुका अनेक घरांत आहेत. त्या बहुधा गुळगुळीत नळीच्या असतात, नळीत चक्राकार खाचा नसल्याने त्यांतून सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत नाही आणि अचूक नेमबाजीला त्या उपयोगी पडत नाहीत. शिवाय त्यांचा परवाना विशिष्ट हेतूसाठी असतो आणि त्यात सरावाचा समावेश आपण आपल्या मनाने करू शकत नाही. दुसरी गोष्ट जागेची. मोकळा सडा किंवा बंद पडलेली चिरेखाण पाहिली की तीन बाजूंनी दगडी भिंती असलेली तयार रेंज सापडल्यासारखे वाटते. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, वाटेल तेथे चालवण्याचा नसतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे जांभ्या दगडावर आदळलेली गोळी कोणत्या दिशेला उसळेल याचा काहीच भरवसा नसतो. .22 ची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि गोव्यात दीड किलोमीटरच्या परिघात वस्ती, रस्ता, कुळागर किंवा गुरे राखणारा माणूस नाही अशी जागा शोधूनही सापडणे कठीण. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी असल्याने तो विषय येथे उद्भवतच नाही.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याच्या दिशेला असावे. नेम बसेपर्यंत बोट चापावर जाऊ नये. लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असावे. फैरी संपल्यावर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडा ठेवून चेंबरमध्ये (नळीतील काडतुसाच्या जागेत) रंगीत सुरक्षा दोरी घालावी, म्हणजे नळी रिकामी आहे हे दुरूनही दिसते. .22 च्या आवाजाने कानांना काही होत नाही हा समज चुकीचा आहे, म्हणून कानरक्षक आणि चष्मा पहिल्या दिवसापासून वापरावेत. शिसे हाताला लागते. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नये.

पहिली रायफल

मुलांनी आणि नवशिक्या प्रौढांनी एअर रायफलीपासून सुरुवात करावी. प्रेसिहोलसारख्या भारतीय बनावटीच्या रायफली प्राथमिक सरावाला पुरतात. वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ या महागड्या जर्मन रायफली घेण्याची घाई करू नये, कारण पहिल्या वर्षात दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची आणि स्वतःच्या शरीराची ठेवण यांविषयीचे आपले मत अनेकदा बदलते. .22 मध्ये क्लबकडे बहुधा आनशुट्झ या जर्मन कंपनीची रायफल असते आणि शिकण्यासाठी त्याहून चांगले साधन मला तरी माहीत नाही. रायफल बदलण्यापेक्षा काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटची (एकत्र बनवलेल्या खेपांची) चाचणी घेणे अधिक फलदायी ठरते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटचे ग्रुप (लक्ष्यावरील छिद्रांचे पुंजके) एकाच नळीतून वेगवेगळे येतात. जो लॉट आपल्या नळीला मानवतो, तो परवान्याच्या मर्यादेत राहून शक्य तेवढा साठवून ठेवावा.

शरीराची मांडणी

लांब पल्ल्याची बहुतेक नेमबाजी पालथे पडून, म्हणजे प्रोन स्थितीत होते, म्हणून या स्थितीला सर्वाधिक वेळ द्यावा. उजव्या हाताने मारणाऱ्याने लक्ष्यरेषेच्या किंचित डावीकडे शरीर तिरपे ठेवून पडावे. डावे कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली, थोडे डावीकडे असावे. उजवा गुडघा किंचित वर ओढून घ्यावा, म्हणजे पोट जमिनीपासून सुटे होते, श्वासाने रायफल उचलली जात नाही आणि नाडीचे ठोकेही नेमात कमी उमटतात. डाव्या दंडावरची स्लिंग (रायफलीला जोडलेला पट्टा) इतकी ताणलेली असावी की रायफलीचे वजन तिने आणि हाडांनी तोलावे, स्नायूंनी नव्हे. स्पर्धेच्या नियमानुसार डावा पुढचा हात जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करायला हवा, त्यामुळे फार खाली पडण्याची सवय सुरुवातीपासूनच लावू नये. दस्ता प्रत्येक वेळी खांद्याच्या त्याच खोबणीत आणि गाल गालपट्टीवर त्याच ठिकाणी यायला हवा. दुर्बिणीतून दिसणाऱ्या चित्राच्या कडेला काळी सावली येत असेल, तर डोके जागेवर नाही असे समजावे.

यानंतरची पायरी नवशिके सर्वाधिक टाळतात आणि प्रशिक्षक तिच्यावरच सर्वाधिक भर देतात. स्थिती घेऊन झाली की डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास सोडावेत, अंग सैल करावे आणि डोळे उघडावेत. रायफल आता जिकडे रोखलेली दिसेल, ती शरीराची स्वाभाविक दिशा. ती लक्ष्याच्या मध्यावर नसेल, तर हाताने ढकलून रायफल मध्यावर आणू नये. डावे कोपर जागेवर ठेवून कमरेपासून पाय डावी-उजवीकडे सरकवावेत, उंचीसाठी शरीर किंचित पुढे-मागे घ्यावे आणि पुन्हा डोळे मिटून तपासावे. ढकलून धरलेल्या रायफलीला गोळी सुटण्याच्या क्षणी स्नायू आपोआप सोडून देतात आणि ती आपल्या स्वाभाविक दिशेकडे परत जाते. पन्नास मीटरवर ही चूक आठ किंवा नऊ गुणांच्या रूपाने दिसते; सहाशे मीटरवर तिचाच परिणाम वाऱ्याच्या माथी मारला जातो आणि माणूस महिनोन्महिने चुकीच्या गोष्टीचा शोध घेत राहतो. लांबच्या अंतरावर शिकायला सुरुवात करू नये, असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. तेथे चुका एकमेकींत मिसळतात आणि त्यांना वेगळे करता येत नाही.

श्वासाच्या बाबतीत एवढेच सांभाळावे, की सहज श्वास सोडल्यावर जो स्वाभाविक विराम येतो त्यातच गोळी सुटावी. सहा ते आठ सेकंदांत ती सुटली नाही, तर नेम सोडून द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी, कारण त्यानंतर डोळ्यांना प्राणवायू कमी पडू लागतो आणि नेम स्थिर असल्याचा केवळ भास होतो. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मांसल भागाने सरळ मागे दाबावा. गोळी सुटल्यानंतरही दोन सेकंद डोळा दुर्बिणीत, गाल दस्त्यावर आणि बोट चापावरच राहू द्यावे. या दोन सेकंदांत मनाशी ठरवावे की गोळी कुठे गेली असेल, उदाहरणार्थ ‘नऊ, चार वाजता’, म्हणजे नऊ गुण, घड्याळातील चारच्या दिशेला, आणि मगच पडद्यावर पाहावे. नेमबाज याला कॉल देणे म्हणतात. कॉल आणि प्रत्यक्ष छिद्र जुळू लागले, की तुम्ही वारा शिकण्यास पात्र झालात.

यांतील बराचसा अभ्यास काडतुसाविना होतो. घरी कोऱ्या भिंतीसमोर किंवा भिंतीवरच्या लहान ठिपक्यावर रोज वीस मिनिटे ड्राय प्रॅक्टिस करणारा रविवारी रेंजवर शंभर फैरी झाडणाऱ्याच्या पुढे निघून जातो. काडतुसे वेगळ्या खोलीत कुलपात असावीत, चेंबर दोनदा तपासावे आणि घरातील इतरांना सरावाची वेळ माहीत असावी. .22 रिमफायर रायफलीचा फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारा खिळा) रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून इजा करू शकतो, म्हणून उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) वापरावी. स्पर्धेच्या एअर रायफलींत ड्राय फायरिंगची वेगळी सोय असते.

कोन, क्लिक आणि झिरो

लांब पल्ल्याची भाषा कोनांची आहे. एक मिनिट कोन म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर तो सुमारे 29 मिलिमीटर व्यापतो. एक मिलिरेडियन 100 मीटरवर बरोबर 10 सेंटिमीटर व्यापतो. दुर्बिणीच्या बटनाची एक क्लिक 0.1 मिलिरेडियनची असेल, तर गोळीची जागा 100 मीटरवर 1 सेंटिमीटरने, 50 मीटरवर अर्ध्या सेंटिमीटरने आणि 300 मीटरवर 3 सेंटिमीटरने सरकते. आपण शाळेपासून दशमान पद्धतीत वाढलो असल्यामुळे मिलिरेडियनची दुर्बीण घ्यावी, असे मी सुचवीन. डोक्यातल्या डोक्यात हिशेब करताना ती सोयीची पडते.

झिरो करताना, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी दुर्बीण लावताना, तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विसंबू नये. तीन गोळ्या योगायोगानेही जवळजवळ पडतात. दहा गोळ्या माराव्यात, ज्यांचा कॉल वाईट होता त्या वगळाव्यात, उरलेल्यांचा मध्य काढावा आणि तेवढ्याच क्लिक फिरवाव्यात. हे काम वारा पडलेला असताना करावे. वाऱ्यात केलेला झिरो त्या वाऱ्यापुरताच असतो. दुर्बिणीला पॅरॅलॅक्सचे (डोके हलले की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष घालवणारे) चाक असेल तर ते लक्ष्याच्या अंतराला लावून डोके किंचित हलवून पाहावे. दुर्बिणीतील फुली लक्ष्यावरून सरकता कामा नये.

क्लबच्या रेंजवर शंभर मीटरची सोय असेल, तर पन्नासवर झिरो केलेली .22 तेथे मारून पाहण्यासारखा दुसरा धडा नाही. गोळी सुमारे 20 ते 22 सेंटिमीटर खाली पडते. किती क्लिक वर घ्याव्या लागल्या ते लिहून ठेवावे. हीच तुमच्या पहिल्या उंचीतक्त्याची पहिली ओळ. येथेच काडतुसांच्या वेगातील फरक प्रथमच डोळ्यांना दिसतो. पन्नासवर गोल असलेला ग्रुप शंभरवर उभा लांबट होतो, कारण मंद निघालेली गोळी अधिक खाली जाते. स्पर्धेच्या .22 काडतुसांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, साधारण 320 ते 330 मीटर प्रति सेकंद ठेवलेला असतो, म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडताना होणाऱ्या हेलकाव्यांतून गोळीला जावे लागत नाही.

वारा

वाऱ्याचा परिणाम साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 10 किलोमीटरचा आडवा वारा .22 च्या गोळीला 50 मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर आणि 100 मीटरवर पाच सेंटिमीटरांहून अधिक ढकलतो. पन्नासच्या लक्ष्यावर वर्तुळे 8 मिलिमीटरच्या अंतराने असल्यामुळे दीड सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दोन गुण गेले. याच वाऱ्यात .308 सारख्या पूर्ण शक्तीच्या काडतुसाची गोळी शंभर मीटरवरच्या .22 एवढ्याच कोनातून ढळण्यासाठी तीनशे मीटरांच्याही पुढे जावी लागते. म्हणून .22 आणि शंभर मीटर ही लांब पल्ल्याच्या वाऱ्याची खरी शाळा आहे, आणि तिची फी काडतुसामागे कितीतरी कमी आहे.

वाऱ्याची दिशा घड्याळाच्या तबकडीने सांगतात. लक्ष्य बारा वाजता. तीन आणि नऊ वाजताच्या वाऱ्याचा पूर्ण परिणाम होतो. एक, पाच, सात आणि अकरा वाजताच्या वाऱ्याचा निम्मा होतो. दोन, चार, आठ आणि दहा वाजताचा वारा मात्र जवळजवळ पूर्णच धरावा. येथे निम्मा धरण्याची चूक फार जण करतात. बारा आणि सहा वाजताचा वारा निरुपद्रवी वाटतो, पण तोच सर्वांत फसवा असतो, कारण तो किंचित इकडेतिकडे वळला की गोळी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जाते. शिवाय उजवीकडे वळणाऱ्या खाचांच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर, तर डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली जाते. बदलत्या वाऱ्यातील ग्रुप दहा ते चार वाजताच्या तिरप्या रेषेत पसरतो, त्याचे कारण हे आहे. त्यासाठी स्वतःच्या श्वासाला दोष देऊ नये.

गोव्याचा वारा शिकण्यासाठी शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई आणि खारे वारे आठवावेत. पावसाळा सरल्यावर मे महिन्यापर्यंत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो, सकाळी तो मंदावतो, काही काळ हवा जवळजवळ स्तब्ध होते आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होऊन दुपारी जोर धरतो. झिरो आणि काडतुसांची चाचणी यांसाठी सकाळची स्तब्ध वेळ राखून ठेवावी. वाऱ्याचा अभ्यास मुद्दाम दुपारी करावा. तुमची रेंज कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे होकायंत्राने पाहून वहीत लिहावे. उत्तरेकडे तोंड असेल तर दुपारचा खारा वारा नऊ वाजता, पूर्ण आडवा येतो. पश्चिमेकडे तोंड असेल तर तो समोरून, म्हणजे वर सांगितलेल्या फसव्या प्रकारचा असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाळपई किंवा सांग्याच्या बाजूला, डोंगरउतारांमुळे ही घडी बदलते आणि तेथील वारा वेगळा शिकावा लागतो.

वारा पाहायचा कशावर? रेंजवरील झेंड्यांवर सर्वप्रथम. माडाच्या झावळ्या लगेच नजरेत भरतात, पण त्या गोळीच्या मार्गापेक्षा कितीतरी उंचावरचा वारा सांगतात, म्हणून त्यांच्याकडून फक्त येणाऱ्या झुळुकीची वर्दी घ्यावी. गवत, धूळ आणि गालाला लागणारी हवा यांवर अधिक विश्वास ठेवावा. नेमबाजाजवळचा वारा लक्ष्याजवळच्या वाऱ्याहून अधिक नुकसान करतो, कारण आरंभी वळलेली गोळी उरलेले सारे अंतर त्याच वळणाने जाते. उन्हात तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरी, ज्यांना नेमबाज मिराज म्हणतात, स्पॉटिंग स्कोपमधून (लक्ष्य न्याहाळण्याच्या दुर्बिणीतून) फार स्पष्ट दिसतात. स्कोपचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणावा. लहरी सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही. त्या तिरप्या झाल्या की हलका वारा. आडव्या धावू लागल्या की जोराचा. उन्हाळ्यात सड्याच्या काठावर उभे राहून साध्या स्पॉटिंग स्कोपने हा अभ्यास रायफलीशिवायही करता येतो. सांजसकाळ अर्धा तास असे पाहत राहणाऱ्याची नजर एका हंगामात तयार होते, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजाचे खरे भांडवल हीच नजर आहे.

प्रत्यक्ष मारताना नवशिक्याने वाऱ्याचा पाठलाग करू नये. दहा मिनिटे झेंडे पाहून वारंवार परतणारी एक स्थिती निवडावी, नोंदीबाहेरच्या साइटर गोळ्या त्याच स्थितीत मारून क्लिक लावाव्यात आणि मोजणीच्या गोळ्या फक्त ती स्थिती परतल्यावरच सोडाव्यात. वारा बदलला की थांबावे. प्रत्येक झुळुकीला नेम बाजूला धरून मारण्याचे कौशल्य पुढे आपोआप येते. थांबण्याचे कौशल्य मात्र ठरवून कमवावे लागते.

दमट हवेविषयी एक गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे. दमट हवा जड असते आणि गोळीला अधिक अडवते असे सांगितले जाते. वस्तुतः पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने दमट हवेची घनता किंचित कमी असते आणि गोळीवर तिचा परिणाम नगण्य असतो. तापमान आणि हवेचा दाब यांचा परिणाम त्याहून बराच अधिक होतो. पुण्याच्या उंचीवर हवा विरळ असल्याने लांब अंतरावर गोळी थोडी वर लागते.

दमटपणा खरा बाधतो तो पोलादाला आणि भिंगांना. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आणि किनाऱ्यालगतच्या घरांत वर्षभर, प्रत्येक सरावानंतर रायफलीचा बाहेरचा भाग तेलाच्या फडक्याने पुसावा आणि हाताचा घाम लागलेल्या जागा विसरू नयेत. फोमच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नये. फोम ओल धरून ठेवतो. कुलूपबंद पोलादी कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरावे. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात छोटा बल्ब लावून ठेवण्याची आपल्याकडील जुनी पद्धत दुर्बिणीच्या कपाटालाही लागू पडते, कारण भिंगावर एकदा बुरशी बसली की ती काढणे कारागिराचे काम होते.

नोंदवही

प्रत्येक सरावाची तारीख, वेळ, तापमान, काडतुसाचा लॉट, वाऱ्याची दिशा आणि जोर, लावलेल्या क्लिक, कॉल आणि प्रत्यक्ष गुण हे सारे वहीत उतरावे. मोबाइलपेक्षा कागदी वही बरी, कारण त्यात लक्ष्याचे छोटे चित्र काढून प्रत्येक गोळीची जागा खूण करता येते. सहा महिन्यांची वही चाळली की आपल्या रेंजवर दुपारी तीन वाजता किती क्लिक लागतात हे कोणत्याही अॅपपेक्षा अचूक कळते.

लांब अंतराकडे

पन्नास मीटरवर कॉल आणि छिद्र सातत्याने जुळत असतील, शंभरवर वाऱ्याचा अंदाज एका वर्तुळाच्या आत येत असेल, तर पुढे जाण्याची वेळ झाली. राज्य स्पर्धेनंतर अखिल भारतीय जी. व्ही. मावळणकर स्पर्धा हा राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारा टप्पा आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते, हे मराठी नेमबाजांना ठाऊक असावे. लांब अंतरासाठी जगभर रुळलेला प्रकार म्हणजे एफ-क्लास. त्यात पालथे पडून, आधारावर रायफल ठेवून 300 ते 1000 यार्डांपर्यंत मारतात. एफ-टीआर गटात फक्त .223 आणि .308 ही काडतुसे आणि साधनांसह 8.25 किलोपर्यंतची रायफल चालते. एफ-ओपन गटात 8 मिलिमीटरपर्यंतचा कोणताही बोअर आणि 10 किलोपर्यंत वजन चालते. भारतात लष्करी बोअरवर सामान्य परवानाधारकांसाठी निर्बंध आहेत, त्यामुळे काडतूस निवडण्यापूर्वी परवाना कोणत्या बोअरला मिळेल हे संघटनेकडून आणि जिल्हा कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. परवान्यावरील क्षेत्रमर्यादाही तपासावी. राज्याबाहेर रायफल नेताना मूळ परवाना आणि स्पर्धेचे पत्र सोबत असावे, विमानाने जाताना शस्त्र आधी जाहीर करावे आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाल्यास नेमबाजांसाठीची सूट अर्ज करून घ्यावी.

पहिल्यांदा तीनशे मीटरच्या रेंजवर जाताना सोबत शंभर मीटरचा पक्का झिरो, प्रत्येक पन्नास मीटरला किती क्लिक लागतील याचा कागदावर लिहिलेला तक्ता आणि रिकामी पाने असलेली नोंदवही न्यावी. तक्ता गोळीचा वेग आणि तिचा बॅलिस्टिक गुणांक (ती हवेचा अडथळा किती सहज कापते हे सांगणारा आकडा) घालून गणकयंत्राने आधी काढता येतो. वेग पेटीवर छापलेला न घेता क्रोनोग्राफने आपल्या नळीतून मोजलेला घ्यावा. पहिल्या पाच गोळ्या गुणांसाठी मारू नयेत. त्या मारून तक्ता किती चुकला ते पाहावे, वेगाचा आकडा त्याप्रमाणे सुधारावा आणि मगच पुढच्या अंतराला हात घालावा. गोळीच्या फिरण्याने होणारा बाजूचा ढळ आणि पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम यांची चिंता सहाशे मीटरांपर्यंत करू नये. तेथवर होणाऱ्या चुका जवळजवळ सर्वच वाऱ्याच्या किंवा डाव्या कोपराच्या असतात.